हाताचा वास

"आजी, हात दाखवा."

माझ्या आईला हे म्हणाली माझी मुलगी. सानू. तेरा वर्षांची. घरी आजीला 'तू' म्हणते, "ए आजी, केस विंचर ना" करत तिच्या मांडीवर लोळते. आणि शाळेच्या दारात, छातीवर पिवळा बिल्ला लावून, त्याच आजीला 'दाखवा'.

आईने दोन्ही हात पुढे केले. तिला वाटलं, नात काहीतरी देणार. पेढा, फूल, असलं काही. सानूने वाकून तिच्या हातांचा वास घेतला. मग शेजारच्या बिल्लेवाल्या मुलीकडे बघून मान हलवली. नाही, अशी.

"तुम्ही मागच्या रांगेत बसा. खिडकीपाशी. आणि पिशवी बाहेर ठेवा."

पिशवीत सोडे होते. आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात सोडे उगाच कुणाला देत नाहीत. कोलंबी सोलायची, उन्हात घालायची, कावळ्या-मांजरांपासून राखत बसायचं, तेव्हा कुठे डबाभर होतात. ते लेकीच्या सासरी जातात, नाहीतर जीव वाचवला म्हणून डॉक्टरकडे. आईने ते सानूच्या मुख्याध्यापकांसाठी आणले होते. नातीचं भलं केलं ना त्यांनी! मी सकाळी सांगितलं होतं, "आई, ती शाळा व्हेज आहे गं." तर म्हणते, "घरी नेऊन खातील. शाळंन कनाला खातील?"

शिपायाने पिशवी दोन बोटांनी उचलली आणि चपलांच्या कपाटामागे ठेवली. आई नवं लुगडं नेसून, डोक्यात वेणी माळून, अंगावर होतं नव्हतं ते सोनं घालून आली होती. तशीच उभी राहिली. मला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. आणि मी काय केलं? काही नाही. आत गेले, तिच्याशेजारी मागे बसले.

कारण तो दिवस मोठा होता. अंधेरीतली ही नावाजलेली शाळा आठवीतली निवडक मुलं काढते आणि नववीपासून घाटावरच्या आपल्या निवासी शाखेत नेते. तिथे म्हणे उद्याचे नेते घडवतात. घरी यायचं फक्त दिवाळीत. सानूची निवड झाली होती. आज आईबापांनी मुलाला हाताला धरून स्टेजवर न्यायचं आणि त्याचा हात मुख्याध्यापकांच्या हातात द्यायचा. शाळा याला अर्पण म्हणते. दारात वास घेत होतं ते शुचिता पथक. पथकात चोख काम केल्याशिवाय निवड होत नाही.

मी हो म्हणून बसले होते. का नाही म्हणू? सानूचा बाप बोटीवर, वर्षातला बराचसा काळ समुद्रात. मी मरोळच्या एका कंपनीत. तिथे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी माझ्या टेबलावर रूम फ्रेशनर आणून ठेवला होता. वर चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. सगळे हसले, मीसुद्धा हसले. संध्याकाळी बाथरूममध्ये जाऊन हात लिंबाने इतके घासले की सालटं निघाली. जोगेश्वरीच्या आमच्या सोसायटीत मी मासे शिजवते ते खिडक्या बंद करून, पंखा उलटा लावून. वाटायचं, माझ्या पोरीला तरी हे नको. तिच्यावर कुणी नाक मुरडू नये. झालं. आता तीच नाक मुरडणाऱ्यांत गेली.

अर्पणाच्या आधी सिनेमा दाखवला. जर्मनीतला, नाझींच्या काळातला. मोठमोठ्या भिंतींची निवासी शाळा, त्यात देशभरातून वेचून आणलेली पोरं. एक पोरगा गरीबाघरचा. त्याला नवे बूट मिळतात, चकचकीत बटणांचा कोट मिळतो. केवढा खूश होतो! मास्तर पोरांची नाकं मोजतात, डोकी मोजतात. कोण शुद्ध, कोण नाही. काही दिवसांनी हाच पोरगा दुसऱ्यांची डोकी मोजायला लागतो. सुट्टीत घरी जातो, कारखान्यातून आलेल्या बापाच्या नखांतला काळा मळ बघतो आणि भरल्या ताटावरून उठतो.

मला घाम फुटला. एसीत बसून घाम.

आईला इंग्रजी येत नाही. खालची अक्षरं वाचता येत नाहीत. ती नुसतं बघत होती. पोरगा ताटावरून उठला तशी ती मोठ्याने म्हणाली, "त्या पोराला घरी न्यावाला कोन नाय का गो?"

पुढच्या रांगेतले दोघं वळून हसले.

दिवे लागले. मुख्याध्यापक माईकवर आले. "शिस्त बघितलीत? त्यांचं ध्येय चुकलं. पण ती शिस्त! ती आपण घ्यायची आहे."

टाळ्या. खरंच टाळ्या पडल्या हो! शिकलेसवरलेले आईबाप, डॉक्टर, सीए, सगळे वाजवत होते. शुचिता पथक भिंतीला टेकून एका रांगेत उभं होतं आणि सानूसुद्धा वाजवत होती. मी घाबरले. या शाळेत सहा वर्षं पोरगी घातली, पण घाबरले त्या दिवशी पहिल्यांदा.

आमचं नाव पुकारलं. मी सानूचा हात धरून स्टेजवर गेले. तिच्या हाताला सॅनिटायझरचा वास येत होता. मुख्याध्यापकांनी हात पुढे केला.

"द्या."

मी दिला नाही.

ते हसले. "आईचं मन आहे, होतं असं. द्या, द्या."

"सर, या पोरीने दारात माझ्या आईचा हात हुंगला आणि तिला मागे बसवलं. ते तुम्ही शिकवलंत. मुलगी देणार नाही मी."

"मॅडम, नियम सगळ्यांना सारखा आहे. आम्ही याला स्वच्छता म्हणतो."

"मग माझा पण हुंगा ना." मी दुसरा हात त्यांच्या नाकासमोर धरला. "मी पण कोळीण आहे. हुंगा!"

ते एक पाऊल मागे सरले. आवाज कुठून आला कोण जाणे. इतकी वर्षं गिळलेला होता बहुतेक.

"मम्मा, प्लीज. सोड ना," सानू दात-ओठ खात म्हणाली. ती हात सोडवून घ्यायला बघत होती, नखं लागली मला. मी हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिचा बिल्ला काढला, टेबलावर ठेवला आणि खाली उतरले.

बाहेर आल्यावर ती रडली. "तू माझी वाट लावलीस. सगळ्यांसमोर! आजीला आणायचंच कशाला होतं?" आईने ते ऐकलं. कपाटामागची पिशवी काढली, तिच्यावर चढलेल्या मुंग्या झटकल्या आणि रिक्षात बसली. सानू अगदी कडेला बसली, आजीला अंग लागू न देता, तोंड बाहेर करून. बिल्ला निघाला होता. नाक मात्र अजून शाळेचंच होतं.

ते एका दिवसात नीट होणार नाही, मला कळतं. ती मला माफ करेल की नाही, माहीत नाही. न करो. त्या सिनेमातल्या पोराला न्यायला कुणी आलं नाही. हिला न्यायला मी गेले, आणि ती पुन्हा तिकडे पळाली तर पुन्हा जाईन, फरफटत आणावं लागलं तरी आणीन.

घरी आले आणि आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. सोडे भिजत घातले. वास खालच्या मजल्यापर्यंत जाईल, सेक्रेटरी वर येईल, येऊ दे. सानूचं ताट आजीच्या शेजारी वाढणार आहे. ती उठून गेली तर उद्या परत वाढीन, तिथेच.