साकळलेलं रक्त

सातव्या महिन्यात बैलगाडीतून उतरताना माझा पाय घसरला आणि मी गाडीच्या दांडीवर आपटले, एक पाय इकडे, एक तिकडे. खालापूरकडचं माहेरचं लग्न उरकून आम्ही परतत होतो. रक्त आलं नाही, म्हणून गप्प राहिले. पण घरी पोहोचेपर्यंत अवघड जागी लिंबाएवढी गाठ आली होती; जांभळी, तट्ट फुगलेली. बसता येईना.

सासूने एकदाच पाहिलं आणि पदर नाकाला लावला. "वाईट रोग हाय ह्यो. माहेरी चार दिस राहून काय करून आली, देव जाणे!"

नवरा दारातच उभा होता. गिरणीतल्या नोकरीसाठी मुंबईत एकटा राहायचा तो, मी नव्हे; असला रोग आलाच, तर कुणाकडून येणार? गाडीही तोच हाकत होता. मी पडले तेव्हा हात देऊन उठवलं होतं त्यानेच. त्यातलं काही न सांगता तो बैल सोडायला निघून गेला.

सासूने गरम वाळूचा शेक दिला. सकाळी गाठ दुप्पट झाली, लघवी अडली. तेव्हा कुठे ठाकरांच्या वाडीवरची सुईण बोलावली. तिने हलक्या हाताने चाचपलं.

"पडलीस का गं?"

"हो."

"रोग नाय. आतली शीर तुटली, रगात साकळलंय. शेक बंद करा. मी फोडनार नाय, धार थांबायची नाय. कर्जतला न्या."

"तिथं पुरुष डाक्टर हाय," नवरा म्हणाला.

"मग तुमी येऊ नका," मी म्हणाले. लग्नानंतर प्रथमच मी त्याला असं उत्तर दिलं. सुईण माझ्याबरोबर गाडीत चढली, तेव्हा तोही पुढे जाऊन कासरा धरून बसला.

डॉक्टरांनी आधी विचारलं, कशावर पडलात? मग नळी लावून पोटातल्या बाळाचे ठोके ऐकले. रबरी नळीने लघवी काढली. गाठीच्या कडेने शाईची रेघ ओढली आणि नर्सबाईंना गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या. "वाढली नाही, तर आपोआप जिरेल," ते म्हणाले. तासाभरात सूज रेघेबाहेर गेली. मग त्यांनी चीर दिली. काळजाच्या तुकड्यांसारख्या गुठळ्या निघाल्या. वाहणारी शीर बांधून जखमेत पट्टी भरली. सुईणीचा हात मी इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या पिचल्या.

बाहेर डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "मार लागलाय. रोगबिग काही नाही."

"मी तेच सांगत होतो घरी," नवरा म्हणाला. मी खाटेवरून ऐकलं.

जखम भरली. पण बाळंत होईपर्यंत सासूने माझं ताट वेगळं ठेवलं, आणि विहिरीवर बायका माझी घागर टाळायच्या. मुलगी झाली, धडधाकट. तिला मांडीवर घेण्याआधी सासूने उजेडात नेऊन अंगभर तपासलं, कुठे फोड नाहीत ना म्हणून. मी बाजेवरून बघत होते. त्या दिवसापासून मी सासूला 'आई' म्हणून हाक मारली नाही.