ऊन फार आहे म्हणून

लॉन्ड्रीत तिला सगळे वहिनी म्हणायचे. धुणारे, गाडीवाला, गिऱ्हाईकं, सगळेच. मालक तर तिच्या बापाच्या वयाचा, पण त्याच्याही तोंडी वहिनीच. हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायच्या मोठ्या मशीनवर तिचं काम. चादर अंथरायची, पायानं पट्टी दाबायची, वरचं जडशीळ झाकण फुस्स करत खाली यायचं आणि वाफेचा लोट तोंडावर. झाकण वर, चादर पुढे, दुसरी चादर. उन्हाळ्यात त्या खोलीतला पंखा नुसती गरम हवा ढवळत बसायचा. संध्याकाळी ती बाहेर पडायची तेव्हा तापलेला रस्ताही तिला गार वाटायचा.

"एवढ्या वाफेतून आल्यावर पुन्हा गॅससमोर कोण उभं राहणार?" असं ती घरी म्हणायची. त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर ते निमित्त इतके दिवस चाललं.

गोष्ट वेगळीच होती. तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. शाळा सुरू तोवर पगार सुरू. सुट्टी लागली की व्हॅन झाकून उभी आणि पगारही झाकलेला. दरवर्षी सुट्टीत तो एका ओळखीच्याचा टेम्पो चालवून भागवायचा. या वर्षी त्या ओळखीच्यानं टेम्पोच विकून टाकला. नवरा रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट खोचून बाहेर पडायचा आणि गाडीतळावर जाऊन बसायचा. कधी एखादी फेरी मिळायची, नाहीतर चहाच्या टपरीवर दुसऱ्यांचे पेपर वाचून परत. सगळं घर वहिनीच्या इस्त्रीवर येऊन पडलं होतं.

आणि हे सासऱ्याला कळू द्यायचं नव्हतं.

सासरे जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आलेले. गल्ली त्यांना पेंटर म्हणायची, वहिनी बाबा म्हणायची. मागे अशीच ओढाताण झाली होती, तेव्हा त्यांना कुणकुण लागली. कुणाला न सांगता त्यांनी शिडी काढली आणि एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवायला गेले. वरच्या दोन मात्रा द्यायच्या बाकी होत्या, तेवढ्यात शिडी सरकली. खुब्याचं हाड मोडलं. त्या दुकानावर अजूनही 'आषधे' असंच लिहिलेलं आहे आणि पेंटरचा एक पाय अजूनही आखडतो.

तेव्हा नणंद धावत आली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर भावाला म्हणाली, "म्हाताऱ्या बापाला शिडीवर चढवून खाता होय रे? पुन्हा असलं काही कानावर आलं, तर बाबांना घेऊन जाईन मी. मग मध्ये पडायचं नाही."

नणंद मनानं वाईट नव्हती. पण तिचं घर परगावी, चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. पेंटर एकदा महिनाभर तिच्याकडे राहून आले, ते आल्यावर गल्लीत खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून थांबवायचे. तुरुंगातून सुटलेल्या माणसासारखे.

म्हणून यंदा वहिनीनं मनाशी ठरवलं होतं. शाळा उघडेपर्यंत निभवायचं. बाबांना पत्ता लागू द्यायचा नाही.

शनिवारी तिचा पगार व्हायचा आणि त्याच संध्याकाळी आठवड्याची पिशवी भरायची. ही पिशवी पेंटरनी एका जुन्या बोर्डाच्या कॅनव्हासची शिवून घेतली होती. एका बाजूला निळ्या अक्षराचं अर्धं पोट तेवढं दिसायचं. बंद चांगले लांब होते. एक बंद पेंटरच्या हातात, एक वहिनीच्या, मध्ये पिशवी. पाय आखडता असला तरी शनिवारचा बाजार त्यांनी कधी चुकवला नव्हता.

"या पेंटर!" भाजीवाली लांबूनच ओरडायची. "आज काय रंगवायचं?"

"तुझी काकडी. पिवळी पडलीय बघ. हिरवा हात मारून देतो."

"आधी स्वतःच्या डोक्याला काळा मारा! माझ्या काकडीला नावं ठेवतायत."

वहिनी खाली बसून बारीक बटाटे निवडायची. मोठे महाग पडायचे. टोमॅटो मऊ पडलेले, बाजूला काढलेले. कांदे. छोटं दही.

"अंडी घ्यायची ना?" पेंटर विचारायचे.

"उन्हात उष्ण पडतात, बाबा."

"मग डाळ?"

"आहे अजून घरात. आणि या उकाड्यात कोण शिजवत बसणार? गार खावं."

"खरबूज तरी? ते तर गारच असतं."

वहिनी खरबुजांकडे न बघताच उठली. "बेचव असतात यंदाची," ती म्हणाली आणि पिशवीचा बंद ओढला.

भाजीवालीनं तिच्याकडे एकदा पाहिलं. मग दोन काकड्या पिशवीत टाकल्या. "घे गं. उद्या फेकायच्याच आहेत."

"पैसे घ्या."

"फेकायच्या वस्तूचे कसले पैसे? फार शहाणी आहेस."

वहिनीनं काकड्या ठेवून घेतल्या, पण बटाट्यांखाली सारून.

स्वयंपाकघराच्या फळीवर पेंटरनी रंगवलेले डबे ओळीनं होते. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तिला कुठल्या डब्यात काय ते कळेना, मिठाऐवजी साखर घालून बसली, म्हणून त्यांनी प्रत्येकावर नाव काढून दिलं होतं. तांदूळ लाल अक्षरात, मागे काळी सावली. डाळ पिवळी. साखर पांढरी, तिला निळी किनार. चहावर तर उगाच एक वेलबुट्टी. दुकानाच्या पाटीवर शोभावीत अशी अक्षरं. आता डबे तळाला गेले होते आणि अक्षरं तशीच चमकत होती.

फ्रीज उन्हाळ्याच्या तोंडावरच मेला होता. दुरुस्तीवाला दार उघडून, मागे वाकून बघून गेला आणि जो आकडा बोलला तो ऐकून नवऱ्यानं त्याला चहासुद्धा विचारला नाही. पण हाताची सवय जाते कुठे? मुंग्या लागत नाहीत म्हणून उरलंसुरलं झाकून तिघंही त्याच फ्रीजमध्ये ठेवायचे.

सकाळी ती एकदाच गॅस पेटवायची. भात, थोडी पातळ डाळ, बटाटे उकडून. संध्याकाळचं जेवण गार. बटाट्याच्या फोडी, वर दही, मीठ, काकडी, चिरलेला कांदा, पाव. दिसायला ताट भरलेलं दिसायचं. काकडीनं ताट चांगलं भरतं.

"तुम्ही अजून एक पाव घ्या की," ती नवऱ्याला म्हणायची.

"नको गं. उन्हानं भूकच मेलीय."

"बाबा, तुम्ही?"

"मला तर दही बघूनच ढेकर येतोय. तू घे. दिवसभर वाफेत असतेस."

"मी लॉन्ड्रीत खाल्लं काहीतरी. आज मालकानं मागवलं होतं."

मालकानं उभ्या जन्मात कुणासाठी काही मागवलं नव्हतं. तिघंही उठायचे आणि वाडग्यात एक वाटा उरायचा. ती तो नवऱ्यासाठी म्हणून झाकून ठेवायची. नवरा तिच्यासाठी म्हणून हात लावायचा नाही. पेंटरना वाटायचं, पोरांचं आहे, रात्री भूक लागली की खातील.

एका सकाळी फ्रीजचं दार उघडताच तिच्या तोंडावर आंबूस भपका आला. बटाट्यावर दही फुगून आलं होतं. कुणी बघायच्या आत ती वाडगा घेऊन मागच्या मोरीकडे धावली. मागोमाग नवरा आला.

"काय टाकतेस?"

"कालचं. तुम्ही खाल्लं का नाही?"

"मला वाटलं तू खाशील. मी तुझ्यासाठी ठेवलं होतं."

"आणि मी तुमच्यासाठी."

दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले. आवाज होऊ नये म्हणून तिनं तोंडाला पदर लावला. मग नवऱ्याचं हसू आधी थांबलं. मोरीत पांढरं पाणी वाहत होतं आणि त्यात बटाट्याच्या चांगल्या मोठ्या फोडी होत्या.

"हे खाऊन टाकत जा बाई," तो म्हणाला. "आपण आता टाकण्यातली माणसं आहोत का?"

मोरीच्या वर न्हाणीघराची खिडकी होती. पेंटर आत दात घासत होते.

पुढचे काही दिवस वाडगा रिकामा मिळू लागला. वहिनीला वाटलं, नवरा खातोय. बरं वाटलं तिला. नवऱ्याला वाटलं, बायको शहाणी झाली.

त्या दिवशी हॉटेलाची लग्नाची ऑर्डर होती. टेबलांवर घालायच्या कापडांचा ढीग पडला होता. झाकण खाली आणि वाफ वर आलेली असताना मालकानं हाक मारली, "वहिनी, फोन. घरून."

नवरा बोलत होता, पण धड बोलत नव्हता. बाबा मोरीशी पडलेत, सकाळपासून उलट्या, अंगात त्राण नाही. ती तशीच निघाली. दवाखान्यात पोचली तेव्हा सलाइन लावलेलं होतं. पेंटरचा हात चादरीवर पडला होता. मनगटातलं घड्याळ घसरून कोपराजवळ गेलं होतं. एवढा हात कधी वाळला? रोज समोर बसून जेवणारा माणूस, आणि तिला आत्ता दिसत होतं.

"काय खाल्लं होतं आजोबांनी?" डॉक्टरनं विचारलं.

पेंटरनी डोळे न उघडताच सांगितलं, "वाडग्यातलं. जरा आंबलं होतं. फेकायचं कशाला म्हणून."

"रोज खात होतात?"

"उरलं की. सकाळी, ही गेल्यावर."

वहिनीनं घसरलेलं घड्याळ पुन्हा त्यांच्या मनगटावर आणलं. म्हणजे ताज्या जेवणाला ढेकर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी शिळं खायचं. ताजं पोरांना पुरावं आणि शिळं वायाही जाऊ नये. असा हिशेब त्या घरातच कुणी करू जाणे.

नणंद दुसऱ्या दिवशी आली. दवाखान्यातून बापाला घरी आणलं तेव्हा बरोबरच होती. पाणी घ्यायला म्हणून तिनं फ्रीज उघडला. दिवा लागला नाही. गार लागलं नाही. तिनं आत हात घालून पाहिला, मग फळीवरच्या डब्यांची झाकणं एकेक करून उघडली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला एक फोन करता आला नाही?"

"शाळा उघडतच आलीय, ताई. थोडे दिवस राहिलेत."

"थोडे दिवस त्यांना राहिले नव्हते गं."

नवरा दारातच उभा राहिला, आत आलाच नाही. वहिनीला बोलायचं होतं. बाबा तिकडे झुरतील, जिना चढणार कसे, गल्लीशिवाय त्यांना करमणार कसं, सगळं ओठावर आलं होतं. तेवढ्यात पेंटर खाटेवरून म्हणाले, "जातो मी हिच्याबरोबर. इथं ऊन फार आहे यंदा. हिच्याकडे वारा असतो वरती."

उन्हाळाभर तिनंच त्यांना हे पाठ करून दिलं होतं.

निघायच्या आधी वहिनी त्यांचे कपडे बॅगेत भरत होती. ते फळीला धरून उभे राहिले आणि बोटाच्या पेरानं तांदळाच्या डब्यावर टिचकी मारली. ठण्ण.

"रंगाचा डबा असाच बघायचो. झाकण उघडलं की रंग सुकतो. वाजवायचा. ठण्ण बोलला की संपत आला."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"सुट्टी लागली तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू इतक्या निगुतीनं ऊन ऊन करत होतीस. म्हटलं, हिचं मोडायला नको."

शाळा उघडल्या. पगार आला. त्या शनिवारी तिनं तांदूळ घेतले, डाळ घेतली, अंडी घेतली, नवऱ्यानं सगळं उचलून आणलं. डबे भरल्यावर तिनं नणंदेला फोन लावला.

"बाबा, ऐका हं." फोन डब्याजवळ धरून तिनं टिचकी मारली. ठप्प.

"तांदूळ का?"

"तांदूळ. आणि हा?"

"डाळ. गळ्यापर्यंत भरलीस." पलीकडे ते थोडं हसले, मग खोकले. "साखरेचा वाजव. अं, अर्धाच आहे."

"अर्धाच आहे. या ना आता. ऊन उतरलंय."

पलीकडून बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. वरती वारा होता खरा.

"जिना आहे गं. येताना खुर्चीत बसवून चौघांनी चढवलं. उतरवायला पुन्हा माणसं गोळा करायची. पायही आता धरत नाही. राहू दे."

तिनं चहाच्या डब्यावर टिचकी मारली आणि वाट पाहिली. मग नणंदेचा आवाज आला, "वहिनी, डोळे मिटलेत त्यांनी. दमतात लगेच. नंतर करतेस का?"

पुढच्या शनिवारी ती एकटीच बाजारात गेली. नवरा व्हॅन धुवायला थांबला होता. एका हातात धरली की पिशवी जमिनीला घासायची, म्हणून तिनं दोन्ही बंदांना मिळून गाठ मारली होती. आभाळ भरून होतं, संध्याकाळ गार होती.

"पेंटर कुठायत?" भाजीवालीनं विचारलं. "रुसले काय माझ्यावर?"

"लेकीकडे गेलेत. इथं ऊन फार होतं."

"आता कुठलं ऊन?" भाजीवाली वर बघत म्हणाली.

वहिनीनं खरबूज उचललं, नाकाशी नेलं. गोड वास येत होता. तिनं ते परत ठेवलं आणि काकड्या निवडायला लागली.

"अजून आहे," ती म्हणाली.