पोटदुखीचं गाऱ्हाणं

औषधांवर तारीख असते, ती उलटली की फेकून देता येतात. आमच्या मेडिकलमधल्या किश्श्यांना ती सोय नाही. आचऱ्यात काकांचं दुकान आहे. बी.फार्म. झाल्यापासून काउंटरवर मी असते, आणि पुरुषांचे इतके किस्से साठलेत की आता हसू येत नाही, डोकं तापतं.

सुरुवात ठरलेली. माणूस येतो, मला बघतो आणि विचारतो, "काका खंय गेले?"

"जेवायला. काय देऊ?"

"काय नाय. डोक्याची गोळी दी."

एक जण आठवड्यात तीनदा गोळी घेऊन गेला. चौथ्यांदा मीच विचारलं, "लघवीच्या जागी आग होते का?"

"बायलमाणसान असा विचारूचा नसता," तो म्हणाला. पायरी उतरताना हळूच, "व्हय, होता."

*

काकांचे सल्ले त्याहून भारी. लिंगाची पुढची कातडी घट्ट आहे, मागे सरकत नाही, असं कुणी कुजबुजलं की ते सांगतात, "लगीन झाल्यार आपोआप सुटता." नुसती चड्डी घासली तरी झोंबतं म्हणणाऱ्याला कोकम सरबत.

मी म्हटलं, "काका, हे डॉक्टरांनी बघायचं असतं. बऱ्याचदा मलमानेही भागतं."

"तू चेडू. तुका काय कळता?"

एका वाक्यात माझी डिग्री कचऱ्यात! आणि हेच काका, शुगरवाले (शुगरमुळेही कातडी अशी घट्ट होते), दर महिन्याला त्याच मलमाची ट्यूब खिशात घालून घरी नेतात. "पायाक लावूक." त्यांचे पाय मी रोज बघते. ठणठणीत आहेत.

*

आमच्याच वाडीतला संदेश स्कूबाच्या बोटीवर काम करतो. लग्न महिन्यावर आलेलं. काकांच्या सल्ल्यावर थांबायला त्याला वेळ नव्हता, म्हणून मित्राचा ऐकला: खोबरेल लाव आणि ओढ. कातडी मागे गेली ती पुढे येईना. दुकानात आला तो कमरेपुढे हेल्मेट धरून, घामाने निथळत.

काका म्हणाले, "बर्फ लाव आणि घराक जा."

मी रिक्षा थांबवली. रिक्षात त्याला आईचीच धास्ती; दात आवळून एवढंच बोलला, "आवशीक सांगा नको."

डॉक्टरांनी कातडी जागेवर आणली आणि मग झापलं. आणखी उशीर केला असता तर तो भाग काळा पडला असता. पुन्हा असंच होईल, लग्नाआधी छोटं ऑपरेशन करून घे.

*

त्याच्या घरी सांगावं लागलंच, सोबत मी गेले. संदेशचे वडील म्हणाले, "आपल्यात तसला करनत नाय."

मी विचारलं, "मग काय करतात? कुजवतात?"

त्यावर मला उद्धट ठरवण्यात अर्धा तास गेला. शेवटी तोडगा निघाला: देवाला कौल लावायचा, म्हणजे मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवून आधी कुठली पडते ते बघायचं. उजवा पडला तर ऑपरेशन, डावा पडला तर नाही. माझ्या चार वर्षांच्या शिक्षणापेक्षा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा एक पाकळी मोठी!

*

पण कौलाआधी गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि गाऱ्हाण्यात दुखणं सगळ्या मंडळींसमोर मोठ्याने सांगावं लागतं. संदेशच्या वडिलांनी गुरवांना सांगून ठेवलं, पोटाचं म्हणा.

रविवारी देऊळ भरलं. गुरवांनी सुरू केलं, "बा देवा महाराजा, ह्या लेकराच्या पोटात जा काय दुखणा असा..."

"व्हय महाराजा," मंडळी म्हणाली.

"पोट नाय," संदेश उभा राहून म्हणाला.

वडिलांनी त्याचा शर्ट ओढला. "खाली बस रे झिला."

तो बसला नाही. "गाराणा खोटा घातलास तर देव कौल कसलो देतलो? माझ्या लिंगाची कातडी घट्ट होती. मंगळवारी मी ऑपरेशन करून घेतलंय. माका कौल नको. देवान फक्त पाठीशी रवाचा."

गुरव त्याच्या वडिलांकडे बघू लागले.

मग मागच्या खांबाजवळून काकांचा आवाज आला, "व्हय महाराजा."

आणि त्यांच्यामागून, एकेक करत, डोक्याच्या गोळ्या नेणारे सगळे.