दीपेनच्या सिनेमाची शेवटची बारा मिनिटं

सातारा ते पुणे हा काही ब्लॉगवर मिरवण्याचा प्रवास नव्हे. पण दीपेनचा फोन आला, "तिसरा सिनेमा पुण्यात दाखवतोय, ये," आणि मी सकाळची एसटी पकडली. दीपेन आसामातल्या नदीकाठच्या खेड्यातला. शिकायला पुण्यात होता तेव्हा धायरीत आम्ही एका खोलीत राहायचो. मग तो गावी गेला आणि गावातलीच माणसं घेऊन असमिया सिनेमे काढू लागला. पहिला गावाने चादर बांधून पाहिला, दुसरा कुणीच पाहिला नाही. हाही पडून राहिला तर कॅमेरा विकून भावाच्या मासळीच्या धंद्यात जाईन, असा शब्द तो घरी देऊन आला होता.

स्वारगेटला उतरलात तर रिक्षावाल्यांशी हुज्जत घालू नका, कर्वेनगरला बस जाते. स्टँडबाहेरचे पोहे टाळा. मी टाळले नाहीत.

हॉलच्या दारावर पाटी होती: 'वेळ अकरा ते एक. नंतर विनंती करू नये.' दीपेन दारात, हातावर गामोशांची चळत. पांढरं, लाल काठाचं हे हातमागावरचं वस्त्र तिकडे पाहुण्याच्या गळ्यात घालतात. आईने चाळीस विणून दिले होते. आलो आम्ही नऊ जण. त्यातल्या एक बाई फिल्म क्लबांसाठी सिनेमे निवडायच्या. सगळी भिस्त त्यांच्यावर, आणि त्या अकराच्या ठोक्याला हजर.

"सुरू कर," मी म्हणालो.

"पाहुणे यायचेत अजून. बोलावून दार कसं लावू?"

अर्धा तास तो तसाच उभा राहिला. पाटीकडे बोट दाखवायला हवं होतं मी. पण भिडेपोटी आत जाऊन खुर्चीवर बसलो.

पडद्यावर एक म्हातारी दरवर्षी आपलं घर बांबू बांबू सोडवून नदीपासून मागे नेत होती. खुर्ची टोचतेय हे मी विसरलो होतो. तेवढ्यात रखवालदारांनी दिवे लावले.

"काका, बाराच मिनिटं राहिलीत," मी म्हणालो.

"अहो, मी एकला कुलूप लावतो. सिनेमा कधी संपवायचा ते आपण बघायचं," रखवालदार म्हणाले.

दीपेन लॅपटॉप घेऊन बाईंमागे जिन्यापर्यंत गेला. "चांगलं चाललं होतं हो," त्या म्हणाल्या, "पण मला दोनला मीटिंग आहे. आणि अर्धवट पाहिलेलं मी कसं निवडू?" बोलणं रास्त होतं, म्हणून जास्त लागलं.

स्वारगेटला मला सोडताना त्याने उरलेले एकतीस गामोसे माझ्या पिशवीत कोंबले. "परत नेले तर आईला कळेल."

ते आता साताऱ्यात माझ्या कपाटात आहेत. बायको म्हणते, कुणाला तरी देऊन टाक. माझा हात होत नाही. परवा त्याचा फोन आला. कॅमेरा विकला गेला होता.

"आई विचारत होती, चाळीसही जण शेवटपर्यंत बसले का."

"मग?"

"बसले म्हणालो."