उजवीकडे, रहीम

सामना संपत आला होता, तेव्हा मी चेंडू सोडला आणि एका अरबाच्या डोक्यावरून उडालेला पांढरा रुमाल झेप घेऊन पकडला. दोन्ही हातांनी. छातीशी घट्ट धरला. चेंडू दुसऱ्या बाजूनं, अगदी सावकाश, गोलात गेला.

हसा. माझी हरकत नाही. हा किस्सा मी इतक्या लग्नांत, इतक्या दावतींत सांगितलाय की लोक आता फर्माईश करतात — ‘रहीमभाई, तो रुमालाचा होऊन जाऊ दे!’ मग मी उशी घेऊन जमिनीवर झेप टाकतो, माणसं पोट धरून हसतात, आणि मी तिथंच थांबतो. नेहमी तिथंच. त्यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज का सांगतोय? माहीत नाही. पुढं जाववत नाही हेही खरं आहे — म्हणून आधी क्लबचं सांगतो. बघा, लगेच पळवाट शोधली.

कतारमधल्या त्या गावाला आता सगळे मेसईद म्हणतात. आम्ही उम्म सईदच म्हणायचो. एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली वर्षं. तेल कंपनीचं बंदर, तेलाच्या टाक्या, आमच्या बराकी आणि उरलेली सगळी वाळू. रत्नागिरीकडचे आम्ही ड्रायव्हर, फिटर, खलाशी. संध्याकाळी करायचं काय? आमच्या खोलीतल्या बशीरभाईंनी क्लब काढला. वाळूवर काळं तेल ओतून, रोलर फिरवून मैदान केलं. पडलात की कातडं मैदानाचं आणि मैदान तुमचं. पहिला मोठा सामना झाला तो एका टँकरवरच्या खलाशांशी. मध्य अमेरिकेतल्या कुठल्याशा केळीच्या गावचे होते. निम्म्यांनी गावच्या क्लबाचे निळे-पांढरे पट्ट्यांचे शर्ट जपून आणले होते. त्यांचं मैदान म्हणे दर पावसात नदी घेऊन जायची आणि ते दर वर्षी नवं करायचे. आम्ही जिंकलो. जाताना त्यांनी अंगातले शर्ट काढून आम्हांला दिले. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण बशीरभाई रडले. त्या दिवसापासून आमचा क्लब निळा-पांढरा. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या गावाचे रंग घालून आम्ही कोकणातली माणसं खेळायचो, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

मी गोलकीपर. का? कारण मला दिसत नव्हतं.

थट्टा नाही. हाताच्या अंतरापलीकडचं जग मला धुक्यातच दिसायचं. मुंबईत कंपनीची डोळ्यांची तपासणी झाली, तेव्हा गावचा दोस्त हसन माझ्या आधी आत गेला, तक्त्यावरची अक्षरं पाठ करून बाहेर आला आणि माझ्याकडून घोकून घेतली. मी ती इतकी खणखणीत म्हटली की डॉक्टर खूश झाला. तक्ता कुठल्या भिंतीवर आहे, एवढं मात्र मला कळलं नव्हतं. ट्रकवर ड्रायव्हर म्हणून घेतलं मला! पण वाळवंटात धडकायला असतं तरी काय? थोड्या दिवसांत उंट आपणहून बाजूला व्हायला लागले.

मैदानात कुणाला पास द्यायचा ते मला कळेना, म्हणून हसननंच मला गोलात उभं केलं. स्वतः माझ्यापुढं राहायचा आणि ओरडायचा — ‘डावीकडे, रहीम! उजवीकडे! खाली!’ मी त्या आवाजाच्या मागं झेप घ्यायचो. लोक म्हणायचे, काय नजर आहे पोराची! नजर हसनची होती. हात तेवढे माझे.

हसायला लावतोय ना मी तुम्हांला? हीच माझी खोड.

मग कंपनीला टाक्या वाढवायच्या होत्या. कामगारांची मैदानं दोन, त्यातलं एक जाणार. कंपनीचा बडा साहेब म्हणाला, दोन मैदानांचे दोन क्लब खेळा, जिंकेल त्याचं मैदान राहील. त्याला गंमत वाटली असेल. आम्हांला वाटली नाही. त्या तुकड्याशिवाय आमचं तिथं होतं काय?

सामन्याच्या दिवशी शमाल सुटला होता — तो उत्तरेचा, वाळू उडवणारा वारा. बरोबरी चालली होती. वाऱ्यात हसनचा आवाज तुटत येत होता. लांबून फटका बसला तो मी ऐकला. हसन ओरडला, ‘उजवीकडे, रहीम!’ — मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. पण डावीकडं काहीतरी पांढरं उडालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला.

रुमालापुरतं लोकांना माहीत आहे; माझ्या डोळ्यांचं आणि मी ऐकल्याचं नाही. यापुढचंही नाही.

आधी हसले सगळे. मग हसू थांबलं, कारण मैदान गेलं होतं. बशीरभाई माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ‘आंधळा आहेस काय रे?’ आणि त्यांच्या मागं माझ्या ट्रकखात्याचा साहेब. तो नुसता माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसलं. तेवढंच कसं दिसलं? घरी पाच माणसं माझ्या पगारावर होती, हे सांगू का? नको. हसनच्या घरीही माणसं होतीच.

मी म्हणालो, ‘हसन डावीकडे म्हणाला.’

एवढ्यावर थांबलो असतो तरी चुकलं म्हणून खपलं असतं. पण मी गोष्टी सांगणारा माणूस ना? गोष्टीला शेवट लागतो. मी पुढं म्हणालो, ‘मुद्दाम म्हणाला. काल समोरच्या क्लबवाल्यांच्या बराकीत बसला होता, विचारा त्याला.’

बसला होता. चहा प्यायला. आम्ही सगळेच बसायचो.

हसन एकच वाक्य बोलला — ‘मी उजवीकडे म्हटलं होतं.’ मग माझ्याकडं पाहिलं. आणखी एक वाक्य बोलला असता — ‘त्याला दिसत नाही’ — तर तो सुटला असता आणि मी पुढच्या बोटीनं घरी गेलो असतो. मी वाट बघत होतो त्या वाक्याची. ते आलंच नाही.

आम्ही कोकणी मुसलमान एका थाळ्यात जेवतो, हे तुम्हांला माहीत असेल. आमच्या खोलीतल्या थाळ्याभोवती बशीरभाई, मी, हसन आणि आणखी एकजण. त्या रात्री हसन येऊन बसला, तसे बशीरभाई उठले. चौथा उठला. मीही उठलो. दुसऱ्या दिवसापासून हसन कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, पत्र्याच्या ताटलीत जेवायला लागला. आम्ही थाळ्यावर. मला भूक लागत नव्हती असं सांगायला किती आवडलं असतं! लागायची. मी पोटभर जेवायचो.

बशीरभाईंच्या बहिणीशी, कुलसुमशी, हसनची सोयरीक ठरलेली होती. ती मोडली. ‘मैदान विकणाऱ्याला बहीण कशी देऊ?’ हसन कराराची मुदत संपण्याआधीच गेला, कुठल्याशा बोटीवर लागला म्हणतात. कुणाला काही सांगून गेला नाही. मैदानावर टाक्या उभ्या राहिल्या. शर्ट कुणी कुणी मोटारी पुसायला नेले.

आणि कुलसुम? बशीरभाई मला म्हणाले, तू भरवशाचा माणूस. मी काय म्हणालो असेन?

कबूल म्हणालो. तीनदा.

साठ सालानंतर मी ट्रक सोडला, दोह्यात कापडाच्या दुकानात लागलो, कुलसुमला आणलं. कापडाला डोळे टेकवून मापलं तरी कुणी हरकत घेत नाही. पण एकदा तिच्यादेखत मी एका पाण्याच्या पिंपाला सलाम-आलेकुम केलं आणि तब्येत विचारली. ती हसली नाही. बाजारातून मासळी घेऊन परतत होतो, तसाच मला इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टर आपल्याकडचाच होता. खूप वेळ माझ्या डोळ्यांत उजेड पाडून पाहिला आणि हिंदीत तिला म्हणाला, ‘ये तो बचपन से है. इतने साल गाडी कैसे चलाई इन्होंने?’

मी तयारीतच होतो. उंटांचा विनोद केला. डॉक्टर हसला.

बाहेर आलो. दुपारचं ऊन, रस्त्यावर कुणी नाही. कुलसुम चालता चालता थांबली.

‘म्हणजे हसन उजवीकडेच म्हणाला होता.’

या वेळी मी विनोद केला नाही. सगळ्या जन्मात तेवढंच एकदा.

‘आणि तुम्ही ऐकलं होतं.’

मी मान हलवली.

तिनं रस्त्याकडं पाहिलं, पदर सारखा केला, मासळीची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘नालायक माणूस आहात तुम्ही. चला, मासळी खराब होतेय.’