मिथिलेशचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हालाच का सांगते आहे, तेही नीट ठाऊक नाही — पण ऐका.

झाशीत मी एम. फार्म. करत होते. मिथिलेश आणि मी एकाच सरांच्या हाताखाली. माझे वडील रेल्वेत, आम्ही मराठी. ती झाशीजवळच्या समथरची, तिच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच मुलगी. एका वर्गात असूनही मला दीदी म्हणायची. काम असं की मधुमेहाच्या औषधाचे रव्याहून बारीक गोळे करायचे. ते आतड्याच्या ओल्या अस्तराला चिकटून राहतील आणि औषध हळूहळू सोडतील. म्हणजे रोग्याला दिवसभर गोळ्या गिळत बसायला नको. ऐकायला छान वाटतं ना? पण ते चिकटतात का, हे पाहायला बोकडाचं ताजं आतडं लागायचं. सकाळी खाटकाकडून आणायचं, धुवायचं, काचपट्टीवर बांधायचं, वर गोळे पसरायचे आणि कोमट पाण्यात खालीवर करत राहायचं. टिकले किती, वाहून गेले किती, ते मोजायचं.

इथे एक गंमत होती. आम्हा मराठी घरांचा श्रावण इथल्या सावनच्या पंधरवडाभर मागून येतो. तिचा सावन लागला की आतड्याचं तिचं काम मी करायचं, तिचा संपून आमचा उरला की माझं तिने. मधले दिवस दोघींनाही सुट्टी. सरांना ही वाटणी ठाऊक होती, ते हसायचे.

तर तिचा सावन लागला. माझी पाळी आली. आणि मी — कसं सांगू — खाटकाकडे गेलेच नाही. आमचा श्रावण अजून लागायचा होता, म्हणजे देवाधर्माचं निमित्तही नव्हतं. किळस आली, बस्स. आदल्या खेपेचा वास नखांतून जात नव्हता. मी खुर्चीत बसून आकडे लिहिले. तिने बनवलेल्या गोळ्यांच्या बॅचपैकी एकीला भरघोस दिले. त्याच बॅचला का? ती बाटली हाताशी होती म्हणून.

मिथिलेशने तीच बॅच पुन्हा बनवून तिच्यावर पुढचं सगळं काम उभं केलं. मग एकदा सरांनी तिला स्वतःसमोर चाचणी करायला लावली — आणि गोळे भराभर वाहून गेले. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या वेळी चिकटले होते, सर," मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. "नंतर बनवताना हिचं काही राहिलं असेल."

दुसरी कुणी भांडली असती. तिला माझं म्हणणं पटलं! ती तीच बॅच पुन्हा पुन्हा करत राहिली. कार्तिकस्नान करणारी पोर, भर कार्तिकात खाटकाच्या दारात उभी राहायची. मी शेजारच्या टेबलावर. काचपट्टीला दोरा बांधायला तिला मदतही करायचे. शरम वाटत होती का? वाटत होती. तरी दोरा बांधत होते. या वर्षी पूर्ण कर नाहीतर लग्न, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं, आणि ते मला माहीत होतं. वर्ष गेलं. वडील येऊन तिला घेऊन गेले. मी पास झाले, इथेच शिकवायला लागले.

खूप वर्षांनी एका लग्नाला समथरला गेले होते. बाजारात तिनेच मला ओळखलं आणि हाताला धरून घरी नेलं. जेवायला बसवलं. भाजीत मीठ घालायला मात्र तिने जावेला हाक मारली. मी विचारलं, तूच का नाही घालत? ती हसली. म्हणाली, माझा अंदाज चुकतो, औषधातसुद्धा चुकायचा.

जाऊ मीठ घालून बाहेर गेली. आम्ही दोघीच उरलो. मिथिलेश माझ्या तोंडाकडे पाहत होती, आता हसत नव्हती.

"हमाओ हाथई कच्चो हतो न, दीदी?"

माझा हातच कच्चा होता ना, हे ती खरंच विचारत होती. इतकी वर्षं तिला ते विचारायचं होतं, हे मला दिसत होतं.

"हाँ, थोड़ा-सा," मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढली.