मामांचं चुकलेलं पान

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आमच्या हिच्या मामांचं चुकलेलं पान भिंतीवर नाही, असं एक तरी नातेवाइकाचं घर दाखवा, मी मिशी उतरवून देतो. मामा बोरी बुद्रुकचे. जन्मभर आळेफाट्यावर ट्रॉल्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि म्हातारपणी गावच्या विहारासाठी बुद्धवचनांची पोथी हातानं उतरवायला घेतली. जाड कागद, बोरू आणि काळी शाई. असली पोथी छापील मिळते, असं मी एकदा बोलून गेलो. "मंग लग्नाला तुमी तरी कशाला आला, पावणं? फोटो धाडायचा व्हता," मामा म्हणाले.

त्यांचा नेम कडक. एक अक्षर चुकलं की अख्खं पान बाद. खाडाखोड नाही, वर पांढरा रंग फासणं नाही. "लेण्यातली अक्षरं बघा. छिन्नीनं कोरल्याली. चुकलं आसतं तर काय डोंगर बदलला आसता?" आता पाट्या रंगवून वळण लागलेला हात, तो ऐकतोय कशाला? रागावरची गाथा सुरेख उतरली आणि खाली हातानं परस्पर लिहून टाकलं, 'सुरक्षित अंतर ठेवा'. मामी म्हणाल्या, "बरोबरच हाय की." पण पान बाद ते बादच.

बाद पान रद्दीत घालायचं नाही, जाळायचंही नाही. मग मामा त्याला चौकट करणार आणि पिशवीत हातोडी-खिळा घालून कुणाच्या तरी दारात उभे राहणार. आपण पान कपाटात टाकू, असा त्यांचा सगळ्यांवर पक्का संशय, म्हणून खिळा स्वतः ठोकायचा. मग पुढच्या भेटीत, लग्न असो की दहावा, "चूक घावली का?" रागाचं पान त्यांनी आमच्याकडे अवसरीला आणलं. "तुमाला लई उपेगी पडंल," म्हणाले. माझा स्वभाव हिनं माहेरी किती रंगवून सांगितलाय, ते त्या दिवशी कळलं.

गेल्या वर्षी मामांचा हात कापायला लागला. पोथीचं शेवटचंच पान उरलं होतं आणि वैशाखी पौर्णिमेला ती विहारात ठेवायची होती. रोज लिहीत आणि रोज बाजूला सारत. पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा एका दुपारी पिशवी घेऊन आमच्याकडे आले. चहा नको म्हणाले. खिळा ठोकला, तोही वाकडा गेला. "शेवटचं पान हाय. आता हात ऱ्हायला न्हाई. पोथी तशीच, अर्धवट जाणार."

मला फार वाईट वाटलं. बुद्धवचनांचं छापील पुस्तक काढून अक्षर न् अक्षर ताडून बघत बसलो.

"घावली?"

"नाही, मामा. अक्षर थरथरलंय, पण चूक एकही नाही."

"थरथर म्हंजे चूकच की."

ही आतून आली. "मामा, नेम तुमचाच हाय ना? चुकलं तर बाद. कापलं तर बाद, आसं कवा म्हनला व्हता?"

मामांनी पान परत पिशवीत ठेवलं. म्हणाले, "चहा टाक गं."

पौर्णिमेला पोथी विहारात गेली, शेवटच्या पानासकट. आता मामा लिहीत नाहीत. येतात, बशीतून चहा पितात, रागाचं पान एकदा वाचतात आणि माझ्याकडे बघून हसतात. त्याच्या शेजारचा वाकडा खिळा तसाच आहे. ही त्यावर कॅलेंडर लावू म्हणते, पण मी लावू देत नाही.